प्लाऊमन्स लंच: नाव शेतकऱ्याचं, आयडिया चीजवाल्यांची

आज आपण जेवायला इंग्लंडच्या पबमध्ये जातोय. बिअर पीत नसाल तरी चालेल, आपला विषय ताटातला आहे.

हे चित्र तुम्ही सिनेमात शंभर वेळा पाहिलं असेल. बुटकं छत, काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, कोपऱ्यात शेकोटी, तिच्यापुढे पेंगणारं कुत्रं. बाहेर लाल सिंहाची पाटी. आणि टेबलावर एका लाकडी फळीवर पावाचा जाड तुकडा, चेडर चीजचा खडा, व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, सफरचंदाची फोड आणि काळपट, आंबटगोड पिकल. मेन्यूवर नाव लिहिलेलं असतं ‘प्लाऊमन्स लंच’. म्हणजे नांगर हाकणाऱ्याचं दुपारचं जेवण. आपल्या कांदा-भाकरीचा गोरा चुलतभाऊच म्हणा.

मी एका प्रोजेक्टसाठी काही महिने तिकडे होतो. शुक्रवारी सगळी टीम पबमध्ये जेवायची आणि शाकाहारी माणूस म्हणून माझ्या वाट्याला बहुतेक वेळा हेच यायचं. (तिथे वेटरची वाट बघत बसायचं नसतं. काउंटरवर जाऊन टेबल नंबर सांगायचा, पैसे द्यायचे. हे कळेपर्यंत आपण उपाशी.) खाताना वाटायचं, काय जुनी परंपरा जपलीये या लोकांनी! मग सवयीप्रमाणे शोधायला बसलो, आणि कळलं की या नावाची थाळी माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे.

नीट सांगतो, कारण इथे इंटरनेटवर दोन्ही बाजूंनी थापा चालतात. पाव, चीज आणि बिअर हे इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांचं जेवण शतकानुशतकं होतंच. ‘प्लाऊमन्स लंचन’ हे शब्दही १८३७ साली छापलेल्या सर वॉल्टर स्कॉटच्या चरित्रात सापडतात. पण तिथे ते घाईघाईत बनवलेल्या सँडविचचं वर्णन आहे, एवढंच. मेन्यूवरचा पदार्थ म्हणून हे नाव देशभर पसरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

आता युद्धाचा आणि चीजचा काय संबंध? जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं. १९४१ मध्ये चीजचा वाटा आठवड्याला माणशी एक औंसावर आला. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. आपल्याकडचा चीजचा छोटा क्यूब साधारण २५ ग्रॅमचा असतो. तेवढ्यात आठवडा काढायचा. दूध वाया जाऊ नये म्हणून सरकारने चीजचे प्रकारही कमी केले. गावोगावची वेगवेगळी चीजं बंद पडली आणि जवळपास सगळीकडे एकाच छापाचं चेडर बनू लागलं. लोक त्याला ‘गव्हर्न्मेंट चेडर’ म्हणायचे. रेशनिंग पूर्ण संपलं जुलै १९५४ मध्ये. चौदा वर्षं! म्हणजे युद्ध सुरू होताना पाळण्यात असलेली पोरं मिसरूड फुटेपर्यंत चीज मोजून मापून खात होती. सवयच गेली.

मग चीज विकणाऱ्यांनी काय केलं? ‘चीज ब्युरो’ नावाची एक प्रचारसंस्था होती. तिचं काम एकच, लोकांना पुन्हा चीज खायला लावणं. तिने पब पकडले. पबवाल्यांचंही भलंच होतं, कारण या थाळीला ना आचारी लागतो, ना चूल. पाव कापा, चीज ठेवा, पिकलची बाटली उघडा, झालं. १९५६ मध्ये बिअर कंपन्यांच्या संघटनेचं मासिक चीज ब्युरोच्या या कामाचं कौतुक करत होतं. १९६०च्या दशकात ‘मिल्क मार्केटिंग बोर्ड’ने त्याच थाळीची देशभर जाहिरात केली. नांगर केव्हाच ट्रॅक्टरला जोडला गेला होता, पण नाव नांगरवाल्याचं. मार्केटिंग म्हणून मला हे जबरदस्त वाटतं, आणि थोडं निर्लज्जही.

बरं, त्या फळीवरच्या पिकलचं काय? सगळ्यात प्रसिद्ध ब्रॅन्स्टन पिकल, ते १९२२ मध्ये आलं. आणि पुष्कळ पब पिकलऐवजी ‘चटनी’ वाढतात. तो शब्द कुठून गेला हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण ताट सोडा, पबमधली जेवणाची वेळसुद्धा कायद्याने ठरवलेली होती. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कामगार पिऊन कामावर येतात, म्हणून १९१५ पासून पबच्या वेळांवर बंधनं आली. बऱ्याच भागांत दुपारी बारा ते अडीच आणि मग थेट संध्याकाळी साडेसहा. मित्राला स्वतःच्या पैशाने पाजायलाही बंदी होती, खोटं नाही सांगत! युद्ध संपलं, पण दुपारची सुट्टी १९२१च्या कायद्याने कायम केली, आणि ती थेट १९८८ मध्ये उठली. आमच्या भाषेत सांगायचं तर घाईत टाकलेला तात्पुरता पॅच प्रॉडक्शनमध्ये त्र्याहत्तर वर्षं चालला. आमच्या टीममधल्या साठीच्या एका गृहस्थांना ती घंटा अजून आठवते. अडीच वाजता ती वाजली की दहा मिनिटांत ग्लास संपवून बाहेर. अशा वेळी पटकन येणारं थंड जेवणच चालणार ना!

याच काळातला मला सगळ्यात आवडलेला किस्सा कार्लाइलचा. ग्रेटनाला दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता, म्हणून १९१६ मध्ये सरकारने जवळच्या कार्लाइल शहरातले पब आणि बिअरचे कारखानेच ताब्यात घेतले. पबच्या मॅनेजरला बिअर विकल्याबद्दल कमिशन शून्य. जेवण विकलं तर मात्र मिळायचं. जुन्या पोस्ट ऑफिसात ‘ग्रेटना टॅव्हर्न’ उघडली, तिथे गरम जेवण मिळायचं. लोकांना उपदेश करण्यापेक्षा इन्सेन्टिव्ह बदलला. हे सरकारी पब १९७० च्या दशकात विकेपर्यंत चालले.

आणि त्या काळ्या तुळया? खरंच जुने पब आहेत. लंडनचा ‘ये ओल्ड चेशायर चीज’ १६६६च्या आगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. पण तसे दिसणारे कितीतरी पब १९२० आणि ३० च्या दशकांत बिअर कंपन्यांनी मुद्दाम जुन्या धाटणीचे बांधलेत.

लोकांना असा पब हवाच होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने ‘द मून अंडर वॉटर’ नावाच्या आपल्या लाडक्या पबवर लेख लिहिला. खाली काउंटरवर चीज आणि पिकल, वर माडीवर तीनेक शिलिंगांत भरपेट दुपारचं जेवण. वाचून तोंडाला पाणी सुटतं. शेवटी तो सांगून टाकतो की असा पब अस्तित्वातच नाही. रेशनिंग चालू असताना लिहिलंय हे, लक्षात घ्या. भुकेल्या माणसाने रंगवलेलं ताट आहे ते. चीज ब्युरोने पुढे जे विकलं त्याला गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

१९८३ मध्ये इयन मॅकइवनने लिहिलेला ‘द प्लाऊमन्स लंच’ हा सिनेमा आला. त्यात ही थाळी म्हणजे सोयीने रचलेल्या इतिहासाची खूण आहे. मला तो राग पटतो, पण अर्धाच. नाव बनावट असेल, भूक बनावट नव्हती. पाव-चीज खाणारा शेतमजूरही खोटा नव्हता, फक्त त्याला त्याच्या नावाचा एक पैसाही मिळाला नाही.

आज तिकडे पब भराभर बंद पडतायत. २००० साली सुमारे साठ हजार होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त, २००७ पासून आत सिगारेट बंद, भाडं आणि कर वेगळेच. जे टिकलेत त्यांतले बरेच बिअरपेक्षा स्वयंपाकघरावर टिकलेत. आता तिथे चीजची फळी एका कोपऱ्यात आणि मेन्यूवर चिकन टिक्का मसाला असतो. ती थाळी कोणाच्या परंपरेची, यावर तिकडे वेगळंच भांडण आहे. ते पुढच्या भागात. तोवर जेवून घ्या, भेटूच.