पाडायचं की डागडुजी करायची?

२०१२ मध्ये ऑनसाइटला बर्मिंगहॅमला होतो. शनिवारी रूमवर कंटाळा आला की सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायचो. काँक्रीटची ती इमारत म्हणजे उलटा ठेवलेला पायऱ्यांचा पिरॅमिड! पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, हे पाडत का नाहीत?

पाडलीच शेवटी. पण आधीची गोष्ट ऐका. १८७९ साली शहराची लायब्ररी आगीत जळाली, १८८२ साली नवी उभी राहिली. १९७४ मध्ये जॉन मॅडिन यांची काँक्रीटची इमारत उघडली आणि ती व्हिक्टोरियन वास्तू पाडली. मग चाळीसेक वर्षांनी पाळी मॅडिनच्या इमारतीची. इंग्लिश हेरिटेजने जतनाची शिफारस केली, सरकारने फेटाळली. २०१३ मध्ये जवळजवळ १९ कोटी पौंडांची नवी लायब्ररी सुरू झाली, उद्घाटनाला मलाला युसुफझाई. २०१६ मध्ये जुनी जमीनदोस्त.

आता पुढची गंमत बघा. २०१५ मध्येच पालिकेला पैसे पुरेनात. नव्या लायब्ररीची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० वर आली. इमारत चकाचक, पण दार बंद!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तरी काय वेगळं? जुना कोड दिसला की 'नव्याने लिहू'. नंतर रोज चालवायचा खर्च एस्टिमेटमध्ये कोण धरतो?

ती इमारत मला शेवटपर्यंत आवडली नाही, खोटं कशाला बोला. पण आज विचारलंत तर माझं मत डागडुजीला. लायब्ररी देखणी नसली तरी चालेल, उघडी हवी.