वसईचे चतुर आणि छायाचित्राचा ऐतिहासिक पुरावा

वसई परिसराच्या इतिहासाची परिचित साधने दगडाची किंवा कागदाची आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले; १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याविषयी समकालीन पत्रव्यवहार उपलब्ध आहे. परंतु ज्या गोड्या पाण्यावर येथील केळीच्या बागा व पानमळे उभे राहिले, त्या पाण्याच्या इतिहासाची साधने विरळ होत. निसर्गात जाऊन टिपलेली चतुरांची छायाचित्रे हे अशा प्रकारचे एक साधन ठरू शकते. त्याचे मोल कोणते आणि मर्यादा कोणती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात शेतवाडीलगत पावसाचे पाणी साठविणारी लहान तळी आढळतात. त्यांस बावखल म्हणतात. बावखलाचे पाणी भूमीत मुरून विहिरींची पातळी राखते आणि खाऱ्या पाण्याचा शिरकाव रोखण्यास साह्यभूत होते. रहाटाची जागा पंपाने घेतली, पुढे वस्ती वाढली आणि अनेक बावखले भराव घालून बुजविण्यात आली. चतुर आणि त्याच्या वर्गातील नाजूक टाचणी यांच्या अळ्या पाण्यातच वाढतात व अनेकदा कात टाकल्यावर त्यांना उडण्याजोगे पंख लाभतात. म्हणून नुकताच कातीबाहेर आलेला, फिकट देहाचा चतुर ज्या काठावर दिसतो, तेथील पाणी त्याच्या वाढीस पुरेल इतका काळ टिकले होते, असे अनुमान करता येते.

भारतीय चतुरांच्या अभ्यासाचा पाया मात्र संग्रहावर घातला गेला. भारतीय वैद्यकीय सेवेतील फ्रेझर यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ साली निघाले. मृत चतुराचे रंग, विशेषतः डोळ्यांचे, लवकर मावळतात. छायाचित्र ते जपून ठेवते. पहाटे दवाने जड झालेला चतुर बहुधा स्तब्ध असतो. ऊन चढल्यावर तो उडतो; तथापि अनेक जातींचे नर पुनःपुन्हा त्याच काडीवर परततात, म्हणून पाठलागापेक्षा प्रतीक्षा अधिक फलदायी होते. पाठीवरून घेतलेल्या चित्रात पंखांचे शिराजाल, तर कुशीवरून घेतलेल्या चित्रात छातीवरील पट्टे स्पष्ट होतात.

तरीही छायाचित्र संग्रहाची जागा सर्वस्वी घेऊ शकत नाही. जवळच्या जाती ओळखण्यासाठी नराच्या शेपटीच्या टोकावरील उपांगे व जननांगे तपासावी लागतात. २०२० साली शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत यांनी महाराष्ट्राच्या किनारी प्रदेशातून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही नवी जात वर्णिली, तीही नमुन्यांच्या परीक्षणाच्या आधारे.

पुराव्याचा खरा प्राण तिथी आणि स्थळ यांत आहे. मालदीव बेटांवर चतुर दरवर्षी केव्हा येतात, या नोंदींवरून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली भारतातून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या स्थलांतराची उपपत्ती मांडली. या प्रवाशांतील प्रमुख जात पँटाला फ्लॅव्हेसेन्स ही होय. अशा दूरगामी जातीचा चतुर वसईच्या आकाशात दिसला, एवढ्यावरून तो वसईच्या पाण्यात वाढला असे म्हणता येणार नाही. तसेच एखाद्या काठावर चतुराचे चित्र मिळाले नाही, म्हणून तेथे चतुर नव्हता असेही ठरत नाही.

तिथी नसलेले पत्र इतिहासकार जपून वापरतो. स्थळ नसलेल्या छायाचित्राची योग्यता त्याहून अधिक नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ साली पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या घटनांची कागदपत्रे शासनदप्तरी राहतील. बुजलेल्या बावखलाचे असे दप्तर क्वचितच असते. त्याच्या काठावरील चतुराचे चित्र घेताना बावखलाचे ठिकाण आणि दिवस लिहून ठेवला गेला, तर तेथे जिवंत पाणी होते याची ती एक विश्वसनीय साक्ष उरेल.