राज्याचे नामांकन म्हणजे व्हिसा नव्हे

शहापूर (जि. भंडारा) येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्या युवकांनी तेथील ‘राज्य नामांकना’चा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

कुशल स्थलांतरासाठी वय ४५ वर्षांखाली असावे व किमान ६५ गुण लागतात. अभियंत्यांच्या पात्रतेची पडताळणी ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. राज्याच्या नामांकनामुळे १९० क्रमांकाच्या कायम निवासी व्हिसासाठी ५, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ४९१ क्रमांकाच्या प्रादेशिक व्हिसासाठी १५ गुणांची भर पडते. मात्र, ४९१ व्हिसा ५ वर्षांपुरताच असून, सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन या महानगरांबाहेर राहण्याचे बंधन असते. कायम निवासासाठी ३ वर्षांनंतर अर्ज करता येतो.

व्हिसाचा अंतिम निर्णय तेथील केंद्र सरकार घेते. त्यामुळे केवळ नामांकनाच्या भरवशावर नोकरी सोडणे वा शेती विकणे धोक्याचे ठरू शकते.