खामगावचा कापूस, अमेरिकेचा गुलाम

आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला तो १८६१ ते १८६५ या सालांत. का आला? अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, अन् गोऱ्याची नजर वऱ्हाडावर गेली. पुढं १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास कापसापायी रेल्वेचा फाटा टाकला. एवढं सगळेच सांगतात. पण ती लढाई कशापायी होती, हे कोण सांगतं?

तिकडचा कापूस वेचत होते काळे गुलाम. चाळीस लाखांच्या आसपास माणसं, बाजारात विकली जाणारी. त्यांना माल म्हणूनच ठेवायचं की काय, हाच त्या लढाईचा मुद्दा. भावाची बातमी सातासमुद्रापलीकडून अडत्यापर्यंत पोचली. गुलामाची बातमी वावरातल्या महारामांगाच्या कानी घालायचं त्याला काय पडलं होतं!

ती बातमी ऐकली पुण्याच्या एका माळ्यानं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढलं आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं. नुसतं कौतुक नव्हे. माझ्या देशबांधवांनो, शूद्रांच्या बाबतीत तुम्हीही हेच करा, असं सुनावणं होतं ते.

आमच्या बुलढाण्याची ताराबाई शिंदे सत्यशोधकाच्याच घरातली. तिचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ चं. सुरतेच्या एका विधवेला फाशीची शिक्षा झाली, त्यावरून ही बाई इथं पेटली. सुरत काय शेजारी आहे? दूरच्या बाईचा फास आपल्या गळ्याला लावून बघणं, जाणीव म्हणतात ती ही. नुसता जगाचा नकाशा पाठ असून भागत नाही. ताराबाईवर लोक तुटून पडले तेव्हा तिची बाजू घेतली जोतीरावांनीच, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये.

बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइसला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांसाठीही तोच रस्ता धरावा असं त्यांच्या मनात होतं. डु बॉइसचं उत्तरही आलं. पुढं १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव ओकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून. नाव उसनं म्हणा हवं तर. मार तर आमचा स्वतःचाच होता ना?

अन् तिकडं आपली खबर किती? २०२३ साली सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं असं ते पहिलंच शहर. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेला तेव्हा दीडशे वर्षं झाली होती. त्याच साली कॅलिफोर्नियातलं तसलंच बिल मात्र गव्हर्नरनं सही न करता परत पाठवलं. जात तिकडं बोटीनं-विमानानं नेली कोणी, हे आमच्या वाचकाला सांगायला नको.