हरवलेला आकडा परत कसा मिळतो?

नाशिकची पांडवलेणी सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली, त्याची ही नोंद. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

हे गणित फळ्यावर मांडून पाहू. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजेही २४०. समजा, दगडाचा कपचा उडून 'बारा' हा शब्द नाहीसा झाला असता, तरी उरलेल्या आकड्यांवरून तो आपल्याला शोधता आला असता. शिवाय मुद्दलाची रक्कम अक्षरी आणि अंकी अशी दोन्ही प्रकारे कोरलेली आहे. हे सारे नगराच्या सभेत जाहीर केले व फलकांवरही नोंदवले, असे लेखच सांगतो. फलक आज उरलेले नाहीत, दगड उरला.

उषवदाताची गरज साक्षीपुराव्याची होती, संगणकाशी तिचा काही संबंध नाही. पण थोडे जास्तीचे लिहून ठेवले की हरवलेले परत मिळते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. संगणकाच्या साठवणीत ते कसे आले, ते पाहू.

एक मोठी की शंभर लहान?

१९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्क अशाच अवजड आणि महाग राहिल्या. १९८० नंतर घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्क निघाल्या, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांना प्रश्न पडला: एका मोठ्या डिस्कऐवजी लहान डिस्कचा ताफाच का वापरू नये? अनेक डिस्क एकाच वेळी वाचता येतील, म्हणजे वेगही वाढेल.

अडचण साध्या भागाकाराची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरू. मग १०० डिस्कच्या ताफ्यात कोणती ना कोणती डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत बंद पडणार! यावर तिघांनी १९८८ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि अशा ताफ्याला 'रेड' हे नाव दिले. 'स्वस्त डिस्कचा, जास्तीची नोंद बाळगणारा संच' असा त्याचा अर्थ. पुढे 'स्वस्त'च्या जागी 'स्वतंत्र' हा शब्द आला. यातल्या काही कल्पना आधीच्याच होत्या. प्रत्येक डिस्कची हुबेहूब दुसरी प्रत ठेवण्याची पद्धत वापरात होती, आणि निकामी डिस्कवरची माहिती परत मिळवण्याच्या रीतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्ये मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी या पद्धती एका सूत्रात बसवून त्यांचा खर्च व फायदा मोजून दाखवला.

गैरहजर कोण, हे ठाऊक हवे

वर्गात एक प्रयोग करा. तीन मुलांना ७, ४ आणि ९ हे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या द्या. चौथ्या मुलाला तिघांची बेरीज, २०, द्या. आता कोणत्याही एकाला बाहेर पाठवा. उरलेल्या तिघांवरून त्याचा आकडा लगेच सांगता येतो. दोघे बाहेर गेले, तर नाही.

संगणकात बेरजेऐवजी सम-विषम पाहतात. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असेल तर चौथीवर ० लिहायचा, म्हणजे एकांची संख्या सम राहते. एक डिस्क गेली की तिच्या जागी काय होते हे या नियमावरून ठरते.

आता प्रयोग बदला. कोणीही बाहेर जाऊ नये, पण एकाने गुपचूप खोटा आकडा सांगावा. बेरीज चुकते, पण खोटे कोण बोलले हे कळत नाही. चूक कुठे आहे हेही शोधायचे तर जास्त नोंदी लागतात. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये त्याची रीत दिली होती. डिस्कच्या बाबतीत मात्र कंट्रोलर, म्हणजे डिस्कवर देखरेख करणारे विद्युत-मंडल, कोणती डिस्क बंद पडली हे स्वतःच सांगतो. गैरहजर कोण हे आधीच कळल्यामुळे एकच जास्तीची डिस्क पुरते.

कंट्रोलरची कामे

रेड कंट्रोलरची बरीच वैशिष्ट्ये यातूनच निघाली. सम-विषमाची नोंद एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लेखनाच्या वेळी तिच्यापुढे रांग लागते, म्हणून ती आळीपाळीने सर्व डिस्कवर वाटतात. याला रेड-५ म्हणतात. माहितीचा एक छोटा तुकडा बदलायचा तर जुना तुकडा व जुनी नोंद वाचावी लागते आणि नवा तुकडा व नवी नोंद लिहावी लागते. दोन लेखनांच्या मधेच वीज गेली तर तुकडा नवा आणि नोंद जुनी राहते. भारनियमन अनुभवलेल्या वाचकांना हा धोका समजावून सांगायला नको! म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये बॅटरीवर तग धरणारी स्मृती असते. राखीव डिस्क जोडून ठेवली तर एखादी डिस्क बंद पडताच कंट्रोलर तिच्यावर माहिती नव्याने उभी करू लागतो. गुपचूप बिघडलेले भाग वेळीच सापडावेत म्हणून तो फावल्या वेळात सर्व डिस्क वाचूनही पाहतो.

डिस्क मोठ्या झाल्या तसा नवा पेच आला. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने भरायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सारे संपले. यासाठी रेड-६ मध्ये दोन वेगळ्या जास्तीच्या नोंदी ठेवतात, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी चालते.

पण कितीही डिस्क जोडल्या, तरी त्या असतात एकाच पेटीत. २ ऑगस्ट २०१६ रोजी नाशिकला गोदावरीचा पूर आला. तसे पाणी खोलीत शिरले तर सगळ्या डिस्क एकदमच भिजतील. कोणी चुकून फाइल पुसली तर कंट्रोलर ती आज्ञाही इमानाने पाळतो. रेड बंद पडलेल्या डिस्कवरचा उपाय आहे, वेगळी प्रत ठेवण्याला तो पर्याय नाही. आपल्या शाळेतील दाखल्यांची आणि निकालपत्रकांची नोंद संगणकावर असेल, तर तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का, हे विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जरूर तपासावे. लेण्यातला दगड आणि नगरातले फलक एका जागी नव्हते, म्हणूनच फलक गेल्यावरही ती ठेव आज आपल्याला वाचता येते.