बराकीबाहेर आसरा नव्हता

तासगाव तालुक्यात सरकारचा हुकूम मोडणाऱ्याला लपायला जागा कमी पडली नाही. ३ सप्टेंबर १९४२ ला हजारोंचा मोर्चा तासगावच्या मामलेदार कचेरीवर गेला, तिरंगा चढला, मामलेदारांना गांधी टोपी घालायला लावली. पुढं तीन-साडेतीन वर्षं चळवळीचे पुढारी नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथी भूमिगत राहिले. रानातल्या वस्तीवर भाकरी मिळायची, उसाच्या फडात दिवस काढता यायचा. कुंडल तर औंध संस्थानात. ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांना तिथं हात टाकणं सोपं नव्हतं, आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा कलही लपलेला नव्हता.

याच सातारा जिल्ह्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणीत भरती होत आली. (तासगाव तालुका तेव्हा साताऱ्यातच होता.) फेब्रुवारी १९४६ मध्ये त्या पलटणीचे जवान मुंबईत हुकूम मोडणाऱ्या नौदलाच्या खलाशांसमोर बंदुका घेऊन उभे राहिले. महायुद्ध संपून सहा महिने झाले होते.

सोमवार, १८ फेब्रुवारी, सकाळ. कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी न्याहरी नाकारली. जेवण नाही तर काम नाही. निकृष्ट अन्न हे निमित्त खरं, पण एवढंच नव्हतं. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार तुटपुंजा, आणि केंद्राचे कमांडर किंग तोंडाला येईल त्या शिव्या द्यायचे. भिंतीवर घोषणा रंगवणारे बी. सी. दत्त महिन्याच्या सुरुवातीलाच अटकेत गेले होते.

मंगळवार, १९. बंदरातली जहाजं आणि बाकीच्या बराकी सामील झाल्या. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिन्ही झेंडे एका मिरवणुकीत. पुढारी एका टेबलाशी बसायला तयार नव्हते त्या दिवसांत पोरांनी हे केलं.

बुधवार, २०, दुपार. बराकीत परत जा, असा हुकूम आला. बरेच जण गेले, आणि फाटकावर लष्कराचा पहारा बसला.

गुरुवार, २१, सकाळी साडेनऊच्या सुमारास. फोर्टातल्या कॅसल बराकीत कोंडलेल्या खलाशांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि गोळी सुटली. खलाशांनी आतलं शस्त्रागार फोडून उत्तर दिलं. फाटकावर मराठा पलटण होती. मराठ्यांनी नेम धरलाच नाही, गोळ्या हवेत झाडल्या, असं सांगतात. हे सांगणं कितपत खरं यावर वाद आहे. पण मराठ्यांना हलवून त्यांच्या जागी गोरे सैनिक आणले गेले, ही नोंद मला पुरेशी बोलकी वाटते. ज्याच्यावर भरवसा आहे त्याला कोणी मधेच बदलत नाही.

त्याच दिवशी, दुपार. नौदलप्रमुख गॉडफ्रे रेडिओवर बोलले. तात्पर्य एवढंच, की सरकार आपलं सगळं बळ वापरेल, मग त्यात नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. तिकडं गेटवे ऑफ इंडियावर गर्दी लोटली होती. कोणी पाव आणले, कोणी फळांच्या टोपल्या. इराणी हॉटेलवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी डोळेझाक केली आणि पाटीभर खाणं होड्यांतून जहाजांकडं गेलं. तासगावच्या वस्त्यांवर वर्षानुवर्षं चाललेलं तेच मुंबईनं एका दुपारी केलं. फरक इतकाच, की मुंबईत लपायला ऊस नव्हता आणि खलाशांना भूमिगत व्हायचंही नव्हतं. त्यांना पुढाऱ्यांनी उघडपणे आपलं म्हणायला हवं होतं. चारच्या सुमारास गोळीबार थांबला.

शुक्रवार, २२. सकाळी कराचीत, संपात उतरलेल्या ‘हिंदुस्थान’ जहाजावर तोफा डागल्या गेल्या, ते शरण आलं. मुंबईत हरताळ. गिरणगावात लष्कराच्या गाड्या फिरल्या, परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक सगळे सामान्य नागरिक.

संध्याकाळ. खान वल्लभभाई पटेलांना भेटले. सल्ला मिळाला, शस्त्रं खाली ठेवा. कोणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस आपलं वजन खर्च करील. जिनांनीही मुस्लिम खलाशांना हेच सांगितलं. पटेलांचं गणित समजतं. स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार, त्याच्या शिस्तीशी खेळ नको, असं त्यांनी पुढं पत्रात लिहिलंच. शस्त्रांबाबत ते चुकले असं मी म्हणणार नाही. पण माणसं शरण गेल्यावर त्यांच्यामागं उभं राहायला शिस्त कुठं आडवी येत होती? मागं उभं राहणं म्हणजे आसरा देणंच.

सैन्य नाकारणारा दुसऱ्या देशाचं दार ठोठावतो तेव्हा आजही नुसतं पळून आल्यानं निर्वासिताचा दर्जा मिळत नाही. नकारामागची श्रद्धा, युद्धाचं स्वरूप, परत गेल्यास होणारा छळ, सगळं तपासलं जातं. या खलाशांना मात्र परदेश नको होता. आसरा हवा होता तो आपल्याच माणसांचा.

रात्र. ‘तलवार’मध्ये समिती पहाटेपर्यंत भांडत राहिली. काहींना लढत मरायचं होतं. शेवटी, इंग्रजांपुढं नव्हे तर देशाच्या पुढाऱ्यांच्या शब्दाखातर शरण जातोय, असं ठरलं.

शनिवार, २३, सकाळी सहा. जहाजांवर काळे झेंडे चढले.

अटकसत्र लगेच सुरू झालं. कित्येकांना मुलुंडच्या छावणीत डांबलं. ४७६ जणांना नोकरीतून काढून घरी धाडलं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, दोन नौदलं झाली; दोन्हींनी त्यांना परत घेतलं नाही. दत्त फ्री प्रेस जर्नलमध्ये पत्रकारी करू लागले. त्याच १९४६ साली नाना पाटील भूमिगत जीवनातून बाहेर आले, आणि १९५७ मध्ये साताऱ्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं.