तीन मिनिटांच्या तबकडीपासून अमर्याद संग्रहापर्यंत

व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी १९७७ साली पृथ्वीवरील निवडक संगीत गोळा केले जात होते. भारतीय संगीताचा नमुना म्हणून सूरश्री केसरबाई केरकर यांचे भैरवीतील ध्वनिमुद्रण घ्यावे, अशी सूचना संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी केली. सूचना मान्य झाली. पण ध्वनिमुद्रिकाच मिळेना. तिचे उत्पादन बंद झाले होते. बऱ्याच शोधाशोधीनंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचे साडेतीन मिनिटांच्या आसपासचे ते गायन आज सूर्यमालेबाहेरच्या अवकाशात प्रवास करीत आहे.

तेच गायन आज ठाण्यातल्या किंवा कोथरूडमधल्या सदनिकेत बसलेल्या श्रोत्याला मोबाइलवर काही सेकंदांत ऐकता येते. सोय किती वाढली, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. मात्र सोय वाढली म्हणजे निवडही सोपी झाली, असे म्हणता येत नाही. पूर्वीच्या श्रोत्याची अडचण 'हवे ते मिळत नाही' ही होती. आजच्या श्रोत्यापुढे 'एवढ्यातून नेमके काय ऐकायचे आणि ते किती दिवस आपल्यापाशी राहणार' हा प्रश्न आहे.

वेळेची चौकट

भारतीय आवाज तबकडीवर घेण्यासाठी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कोलकात्यात आले. त्या दौऱ्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. गाणे संपता संपता त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. हा काही निव्वळ मिरवण्याचा भाग नव्हता. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि कोणती तबकडी कोणाची, हे तिथल्या तंत्रज्ञांना कळावे यासाठी नाव उच्चारले जाई. ध्वनिमुद्रणाबरोबर त्याची ओळखही जपावी लागते, हा धडा पहिल्याच दौऱ्यात मिळाला होता.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर रंगणारा ख्याल या चौकटीत बसवताना आलापी आवरती घ्यावी लागे. चित्रपटगीताची तीन-साडेतीन मिनिटांची घडणही याच मापात रुळली. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. विलंबित ख्याल घरच्या दिवाणखान्यात सलग ऐकण्याची शक्यता तेव्हा प्रथम निर्माण झाली.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. कॅसेट स्वस्त होती आणि प्रवासात नेता येत होती. पण तिचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. ऐकणाऱ्याला स्वतः ध्वनिमुद्रण करता येऊ लागले. आकाशवाणीवरचे गायन, गणेशोत्सवातली मैफल, घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज, सारे काही साठ किंवा नव्वद मिनिटांच्या फितीवर उतरू लागले. १९७९ साली सोनीच्या वॉकमनने गाणे दिवाणखान्यातून थेट कानापाशी नेले. १९८२ साली सीडी आली आणि फितीची खरखर संपली.

कानाचे गणित

सीडीमध्ये ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. एका तासाच्या संगीताला त्यामुळे सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. नव्वदच्या दशकातील टेलिफोन तारांवरून एवढा ऐवज पाठवणे जवळपास अशक्यच होते. त्यावर तोडगा निघाला तो मानवी श्रवणशक्तीच्या अभ्यासातून. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला जाणवत नाही. जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचे कशाला, या विचारावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. त्यातून घडलेल्या पद्धतीला १९९५ साली 'एमपी-थ्री' हे नाव मिळाले. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवलेली फाइल सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्श्यात मावते.

या बचतीची किंमत मात्र द्यावी लागते. दर फार खाली आणला तर झांजेचा झणत्कार पाणचट वाटू लागतो, तंबोऱ्याच्या जवारीतली झळाळी उणावते. भरगच्च वाद्यवृंदाच्या गाण्यात जे खपून जाते, ते एका स्वरावर स्थिरावलेल्या आलापीत लक्षात येऊ शकते. ॲपच्या सेटिंगमध्ये 'क्वालिटी' नावाचा पर्याय असतो, तो याचसाठी. सेकंदाला ३२० किलोबिट हा दर निवडला, तर तासाला सुमारे १४४ मेगाबाइट डेटा खर्च होतो आणि बहुतेक घरगुती स्पीकरवर सीडीपेक्षा फरक जाणवत नाही. 'लॉसलेस' म्हणजे काहीही न वगळता साठवलेला ध्वनी. तो सोयीच्या जागी, चांगल्या यंत्रणेवर आणि वायफायवर ऐकावा. धावत्या लोकलमध्ये त्याचा उपयोग नाही.

दुकान घरात आले

ॲपलचा आयपॉड २००१ साली आला आणि २००३ साली त्याच कंपनीने इंटरनेटवर एकेक गाणे विकायला सुरुवात केली. स्वीडनच्या स्पॉटिफायने २००८ साली पुढचे पाऊल टाकले. गाणे विकत घ्यायचेच नाही, महिन्याला ठरावीक वर्गणी भरायची किंवा जाहिराती सोसायच्या आणि सारा संग्रह वापरायचा. भारतात सावन, गाना यांसारख्या सेवा त्याआधी किंवा त्याच सुमारास रुजू लागल्या होत्या. २०१६ साली जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि स्ट्रीमिंग घरोघर पोहोचले. स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात दाखल झाली.

निवड कोण करतो?

कोट्यवधी गाण्यांतून श्रोत्यापुढे काय ठेवायचे, हे संगणक ठरवतो. त्याची एक मुख्य रीत अगदी सोपी आहे. ज्या श्रोत्यांना 'अ' आणि 'ब' ही गाणी आवडली, त्यांतल्या अनेकांनी 'क' ऐकले असेल, तर 'अ' व 'ब' ऐकणाऱ्या नव्या श्रोत्यालाही 'क' सुचवायचे. संगणकाला राग कळण्याची गरज नसते. त्याला ऐकणाऱ्यांच्या सवयी कळतात.

यामुळे अनोळखी गायकाचा शोध लागू शकतो, हा मोठा लाभ. तोटा असा की जे फारसे कोणी ऐकत नाही, ते सुचवलेही जात नाही आणि सुचवले जात नाही म्हणून ऐकलेही जात नाही. लोकप्रिय भावगीते पुनःपुन्हा समोर येतात. अनवट राग गाणारा जुना गवई मागेच राहतो. त्याला शोधायचे तर नाव ठाऊक असावे लागते. पूर्वी हे काम दुकानदार, रेडिओवरचा निवेदक किंवा जाणकार शेजारी करी. त्यांची जागा संगणक पूर्णपणे घेऊ शकत नाही.

निवडीचा हा भार सर्वांनाच हवा असतो असेही नाही. २०१७ साली सारेगामा कंपनीने 'कारवां' हे जुन्या रेडिओसारखे दिसणारे यंत्र बाजारात आणले. त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली होती. शोधायचे काही नाही. कळ फिरवायची आणि ऐकायचे. इंटरनेटच्या ऐन भरात हे मर्यादित संग्रहाचे यंत्र, विशेषतः ज्येष्ठांमध्ये, भलतेच लोकप्रिय झाले.

नावात अडकलेला शोध

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला नावांचाच मोठा अडसर होतो. मालकंस रोमन लिपीत किमान तीन-चार प्रकारे लिहिला जातो. भीमपलासीचीही तीच गत. ॲपची रचना प्रामुख्याने गाणे, गायक आणि अल्बम या तीन रकान्यांवर बेतलेली असते. राग, ताल, बंदिशीचा रचनाकार, तबला आणि संवादिनीचे साथीदार यांना त्यात अनेकदा जागाच मिळत नाही. त्यामुळे एखाद्या गायकाचा 'यमन' सापडला, तरी तो कोणत्या वर्षीचा आणि कोणाच्या साथीने रंगलेला, हे कळत नाही. गौहरजान यांच्या काळी तबकडीच्या शेवटी नाव उच्चारून जी सोय केली गेली होती, ती शतकानंतर अपुरी ठरावी, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

यावर काही साधे उपाय आहेत. रागाचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधावे. गायकाच्या नावाबरोबर रागाचे नावही जोडावे. विलंबित आणि द्रुत बंदिशी वेगवेगळ्या तुकड्यांत असतील, तर 'शफल' बंद ठेवावे. नाहीतर विलंबिताआधीच द्रुत वाजू लागते. दोन गाणी एकमेकांत मिसळणारी 'क्रॉसफेड'ची सोयही बंद करावी.

मालकी की भाडे?

स्ट्रीमिंगमध्ये श्रोता गाण्याचा मालक होत नाही. वर्गणी चालू असेतो ऐकण्याची परवानगी तेवढी मिळते. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणीसुद्धा वर्गणी थांबली की बंद पडतात. गुगल प्ले म्युझिक ही सेवा २०२० साली बंद झाली; भारतात रेसो आणि विंक म्युझिक यांचा कारभार २०२४ साली आटोपला. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या अशा वेळी दुसरीकडे हलवाव्या लागतात आणि हलवताना काही गाणी गळतातही. हक्कांचे करार संपल्यास एखादा अल्बम पूर्वसूचनेविना दिसेनासा होऊ शकतो.

जुन्या संगीताच्या बाबतीत भारतीय कायदा मदतीला येतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील बहुतेक ध्वनिमुद्रणे आता या हक्कातून मुक्त झाली आहेत; मात्र त्यांतील शब्दांवरचे आणि स्वररचनेवरचे हक्क स्वतंत्र असतात, हे लक्षात ठेवावे.

घर आणि यंत्र

मोबाइलमधून स्पीकरपर्यंत गाणे नेण्याचे दोन बिनतारी मार्ग आहेत. ब्लूटूथमध्ये मोबाइल हा ध्वनी पुन्हा एकदा आकुंचित करून पाठवतो आणि फोन आला की गाणे थांबते. वायफायवरील स्पीकर बहुधा इंटरनेटवरून थेट गाणे घेतो. मोबाइल केवळ आज्ञा देण्यापुरता उरतो. एकच स्पीकर असेल तर स्वयंपाकघरात काम भागते. बैठकीत लक्ष देऊन ऐकायचे असेल, तर दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा.

शहरी सदनिकेतील गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडतो, तो महागड्या तारांनी पडत नाही. हेडफोन वापरणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ध्यानात ठेवावी: प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. आवाज वाढला, की ही मुदत झपाट्याने घटते.

जे कोणत्याच ॲपवर नाही

या साऱ्या समृद्धीत एक संग्रह दुर्लक्षित राहतो. तो घरातल्या माळ्यावर असतो. १९८०-९० च्या दशकांतील घरगुती कॅसेटवर जे आहे, ते कोणत्याही सेवेच्या यादीत नाही आणि पुढेही येणार नाही. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो. दमट हवेत बुरशी धरते. चालू स्थितीतला कॅसेट-डेक, संगणकाला जोडायचे छोटे उपकरण आणि 'ऑडॅसिटी'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी त्या उतरवून घेता येतात. मूळ प्रत काहीही न वगळता 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' स्वरूपात ठेवावी, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि फाइलच्या नावातच गाणाऱ्याचे नाव, राग, स्थळ व वर्ष लिहावे.

हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत, तोवरच त्या फितीवर कोण गाते आहे, हे विचारून घेता येते. ती माहिती पुढे कोणत्याही शोधयंत्राला सांगता येणार नाही.